जास्वंदीचा श्वास कोणी कोंडला?

कल्पना करा, तुमचं नाक चेहऱ्यावर नाहीच. त्याऐवजी पोटाच्या बाजूला हजारो नाकं आहेत, सुईच्या टोकाहूनही बारीक. आणि कोणीतरी रोज येऊन ती हळूच बुजवून जातं. तुम्हाला पळता येत नाही, ओरडता येत नाही. फार तर पिवळं पडता येतं.

भिलाईच्या हुडको वसाहतीत, नीरजाच्या फाटकाशी ठेवलेली कुंडीतली जास्वंद अशीच पिवळी पडत चालली होती. तिची फांदी टीनानं दिलेली. टीना शेजारच्या घरातली, गल्लीत नीरजाची एकुलती एक मैत्रीण.

नीरजानं माती चाचपली. ओल ठीक होती. मग एक पान उलटं केलं, तर बोटं बुळबुळीत झाली. वास घेतला. मशीनचं तेल! देठापाशी एक हिरवा सुरवंट मरून चिकटला होता. सुरवंटाला आपल्यासारखं नाक नसतं. अंगाच्या दोन्ही कडांना बारीक छिद्रं असतात, त्यांतून तो श्वास घेतो. तेलानं ती बुजली होती.

म्हणजे हे कोणीतरी हातानं लावलं होतं. पण कोणी?

टीनाचे वडील दयाराम यांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे घरात तेलाचे डबे. टीना येता-जाता पानांना हात लावायची. शिवाय तिच्या स्वतःच्या जास्वंदीला यंदा एकही फूल आलं नव्हतं. नीरजाच्या डोक्यात सगळं पटापट जुळत गेलं.

संध्याकाळी टीना आली तशी नीरजा फाटकातच आडवी उभी राहिली.

"तेल तूच लावतेस ना?"

"कौन सा तेल? पागल है क्या?"

"हात दाखव."

टीनाच्या नखांत काळं होतं. "अरे, ये तो पापा की साइकिल की चेन साफ की..."

"आत येऊ नको. यापुढे कधीच नको."

टीना वळून घरी गेली. ती भांडली नाही, हेही नीरजाला संशयाचंच वाटलं.

आता तेलानं झाड गुदमरतं, याचा पुरावा टीनाच्या आईला दाखवायला हवा होता. शेंड्याचं एक पान अजून स्वच्छ होतं. नीरजानं ते तोडलं, एक तेलकट पानही तोडलं, आणि दोन्ही काचेच्या भांड्यात गरम पाण्यात बुडवली. स्वच्छ पानाच्या खालच्या बाजूला इवले इवले बुडबुडे आले. पानातली हवा उष्णतेनं फुगून त्याच्या पोटाकडच्या बारीक छिद्रांतून बाहेर येत होती. याच छिद्रांतून पान कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि उन्हाच्या मदतीनं अन्न बनवतं. तेव्हा तयार झालेला ऑक्सिजन इथूनच बाहेर पडतो. आणि आपल्यासारखाच झाडालाही श्वासासाठी दिवसरात्र ऑक्सिजन लागतो, तोही इथूनच आत जातो.

तेलकट पानावर मात्र बुडबुड्यांचा पत्ता नव्हता.

भांडं दोन्ही हातांत धरून नीरजा टीनाकडे निघाली. व्हरांड्यातच तिचे पाय थांबले. कुंडीपाशी कोणीतरी ओणवं होतं. हातात चिंधी, शेजारी तेलाचा डबा.

"आबाजी! काय करून राहिले?"

नरहरी आबाजी, तिचे आजोबा, पोलाद कारखान्याच्या मिलमध्ये फिटर होते. निवृत्त झाले तरी हात रिकामा राहत नसे.

"मालिश करून राहिलो तुह्या झाडाची," ते हसले. "रस्त्याची धूळ किती बसते पाह्य ना! मिलमध्ये आमी सुट्या भागांले असंच तेल लावून ठेवत होतो. धूळ नाही, गंज नाही."

"मले सांगितलं कावून नाही?"

"तुले सरप्राइज द्याचं होतं. पानं पिवळी पडाले लागली, तं मी तेल अजून वाढवलं."

नीरजानं भांडं त्यांच्यासमोर धरलं, बुडबुडे दाखवले आणि तेलानं पानाची छिद्रं कशी बुजतात ते सांगितलं. आबाजींनी तेलाच्या डब्याला झाकण लावलं.

"लोखंडाले श्वास लागत नाही वं पोरी," ते हळूच म्हणाले. "मी झाडाचा गळाच दाबून राहिलो होतो. साबणाचं पाणी आण, धुऊन काढू."

"पानं धुता येतील. पण मी टीनावर आळ घेतला."

"मंग मी येतो सांगाले. चूक माही आहे."

"तेल तुमचं होतं, आबाजी. पण तिले बोलली मी."

ती एकटीच शेजारी गेली. टीनाची आई दारातच भाजी निवडत होती, तिच्यासमोरच नीरजा म्हणाली, "टीना, तेल आमच्या आबाजींनी लावलं. मैंने तुझ पर झूठा इल्जाम लगाया."

टीना आत निघून गेली.

नीरजा परत फिरली नाही. टीना बाहेर येईपर्यंत थांबायचं ठरवून ती तिथेच पायरीवर बसली.