आजीच्या पुस्तिकेतली एक ओळ

"ओळ काढा म्हणजे काय? तू कोण रे काढायला सांगणारा?" जोजोमामाने कागद काउंटरवर आपटला. "शाळेला रामराम ठोकलेलं पोरगं मला लिहायला शिकवतंय."

"शिकवत नाहीये. खोटं आहे म्हणून सांगतोय."

"काय खोटं आहे?"

तोंड उघडलं की भांडण, अशी एबोची ख्याती अख्ख्या मंकेसिम गावात होती. पण या गोष्टीपाशी आलं की गेले पाच महिने जीभ टाळ्याला चिकटायची.

शनिवारी आजीला माती द्यायची होती. येणारा प्रत्येक माणूस तिच्या आयुष्याची जी पुस्तिका घरी नेऊन जपून ठेवणार, ती आज छापायला जायला हवी होती. छापखान्याचा माणूस दारात मोटरसायकल सुरू ठेवूनच उभा होता. आत सगळा इतिहास होता. अराबाआजी डोक्यावर काचेची पेटी घेऊन लॉरीतळावर डोकेदुखीच्या गोळ्या विकायची, तिथपासून. मग औषधविक्रीचा परवाना, मग बाजारातलं हे पहिलं दुकान. साल्टपॉन्डचं मामाने काढलं, एल्मिनाचं एबोच्या आईने. शेवटच्या पानावर एबोचा फोटो, कारण त्यांच्यात मामाचं सगळं भाच्याकडे जातं. आणि मध्ये ती ओळ: 'बावन्न वर्षांत आमच्या काउंटरवरून एकही चुकीची गोळी गेली नाही.' ती माइकवरून वाचणार होती मान्सामावशी, चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक.

"मान्सामावशीला मी चुकीच्या गोळ्या दिल्या," एबो म्हणाला.

मामाने दाराकडे बघितलं. "हळू बोल."

आजीचा एक कायदा होता. सुट्या गोळ्या द्यायच्या तर स्ट्रिप नावाच्या उलट्या टोकाकडून कापायची. नाव शेवटपर्यंत दुकानात राहिलं पाहिजे. त्या दिवशी एबो शाळेवरून आईशी भांडत होता, कात्री हातात होती, आणि रागाच्या भरात त्याने नावाकडूनच कापलं. नाव गिऱ्हाइकाबरोबर गेलं. डायबेटीसच्या सहा बिननावाच्या पांढऱ्या गोळ्या उरल्या, त्या त्याने न बघता शेजारच्या, बीपीच्या डब्यात फेकल्या. दुसऱ्या दिवशी मान्सामावशी बीपीच्या गोळ्या मागायला आली. "माझ्या नवऱ्याचं औषध लवकर दे रे," असं ती म्हणायची; बीपी कायम मागे लागलेलं असतं, म्हणून त्यालाच ती नवरा म्हणे. एबो हसला आणि त्याच सहा दिल्या.

सहाव्या दिवशी ती मासे धुरावर सुकवायच्या भट्टीवर कोसळली. उजवा हात भाजला. एबोने धावत जाऊन डबा उघडून बघितला, तेव्हा त्याला कळलं, त्या गोळ्यांनीच तिची साखर उतरली होती.

"हात बरा झालाय तिचा," मामा म्हणाला.

"तीन बोटं उघडत नाहीत. ते सोडा. तिला वाटतंय, तिला फिट्स येतात. सून तिला भट्टीजवळ जाऊ देत नाही. नातू कडेवर देत नाही, पडेल म्हणून. मी रोज तिच्या घरावरून जातो, मामा. पायरीवर बसलेली असते, हात मांडीत घेऊन. मला बघून म्हणते, ये बाळा, देव तुम्हा दुकानवाल्यांचं भलं करो."

आतून आई आली. सगळं ऐकलं होतं तिने, तोंडावरून दिसत होतं. नवल मात्र दिसत नव्हतं.

"आजीला ठाऊक होतं," ती म्हणाली. "दर शुक्रवारी मलम लावायला उगाच जात होती का? ही ओळ तिनेच सांगितली, अंथरुणावरून. म्हणाली, हे लिहा, म्हणजे पोरावर कुणी बोट ठेवणार नाही."

इतके दिवस एबोला वाटत होतं, हे पाप त्याचं एकट्याचं आहे. त्यात आजीलाही ओढलं होतं त्याने, आणि ती ते घेऊनच गेली.

"शनिवार जाऊ दे," मामा आता समजुतीने बोलायला लागला. "परवाना गेला तर चारही दुकानं बंद होतील. केप कोस्टचं तर तुझ्यासाठीच काढलंय. सोमवारी आपण दोघं जाऊ तिच्याकडे."

"सोमवारी काय सांगणार? शनिवारी तिच्याच तोंडून वदवून घेतल्यावर?"

बाहेर हॉर्न वाजला. मामाने कागद उचलला, पण दाराकडे गेला नाही.

"निदान दोन घास खाऊन जा," आई म्हणाली. "मक्याचं केंके गरम आहे. मग मी पण येते."

"नको. तू आलीस की मी तुझ्या मागे लपेन. आज दुपारी ती चर्चमध्ये ही ओळ वाचायची तालीम करणार आहे. त्याआधी तिला गाठून सगळं सांगायचंय. मला आता निघायला हवं."