तबकडीवरचा थर

यंत्र पेटीत बंद व्हायला चार दिवस उरले होते, तेव्हा ताईच्या लक्षात तो फरक आला.

कार्यशाळेत सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले मेस्त्रीसुद्धा. अवकाशातून ओझोनचा थर मोजणारं यंत्र खरं बोलतंय की नाही, हे ते जमिनीवर असतानाच तपासणं, हे तिचं काम. घरी सासरे विचारायचे, "म्हणजे वरचं भोक बुजवणार का तुमचं यंत्र?"

"नाही बाबा, नुसतं मोजणार."

"इतकी माणसं, इतकी वर्षं, आणि नुसतं मोजणार?" सासरे मान हलवून पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालायचे. ती वाद घालत नसे. मोजणं किती अवघड असतं हे मोजणाऱ्यालाच ठाऊक.

या यंत्राची सगळी भिस्त तळहाताएवढ्या एका पांढऱ्या तबकडीवर होती. वर गेल्यावर यंत्र आधी तबकडीवर पडलेलं ऊन बघणार, मग पृथ्वीवरून परतणारा उजेड बघणार, आणि दोन्हींची तुलना करून मधल्या हवेत ओझोन किती ते सांगणार. तबकडी सगळ्यात शेवटी बसवायची, म्हणून ती वेगळ्या डब्यात ठेवलेली होती. बसवण्याआधीची शेवटची मोजणी त्या सकाळी झाली. अतिनील उजेडात तबकडी पूर्वीपेक्षा दोन टक्के मंद दिसत होती.

ताईने आधी दिव्यावर संशय घेतला. दिवा बदलला, आकडा तोच. दुसऱ्या खोलीतला दिवा आणला, तरी तोच. मग तिने कपाटातून जोडीची राखीव तबकडी काढून दिव्यासमोर धरली. तिच्यात काडीचाही फरक नव्हता.

ती प्रकल्पप्रमुखांकडे गेली. सरांनी कागद दोनदा वाचला.

"दोनच टक्के ना? तक्त्यात नवा आकडा टाकू. सुधारून घेता येईल."

"आकडा इथंच थांबणार असता तर टाकला असता, सर. पण फक्त अतिनील उजेडातच ती मंद दिसते, म्हणजे तिच्यावर कसलातरी तेलकट थर बसलाय. वर ऊन लागलं की तो करपत जाणार. तबकडी काळवंडेल, आणि आपण ओझोन कमी होतोय म्हणून जगाला सांगत बसू."

सरांनी भिंतीवरचं वेळापत्रक बघितलं. राखीव तबकडी बसवायची तर सगळी मोजणी पहिल्यापासून, म्हणजे सहा आठवडे. प्रक्षेपणाची तारीख हातची जाणार होती.

"थर आला कुठून ते उद्या सकाळी सगळ्यांसमोर सांगा," ते म्हणाले. "मग ठरवू."

दुपारी ताईने रिकामा डबा मोठ्या भिंगाखाली ठेवला. झाकणाच्या कडेला काळ्या रबराची गोल पट्टी होती. राखीव तबकडीच्या डब्यातली पट्टी जुनी, विटकी होती. ही नवी, तुकतुकीत. तिला तीन महिन्यांपूर्वीचा दिवस आठवला. जुनी पट्टी फाटली म्हणून मेस्त्री नवी घेऊन आले होते. रबरातला तेलकट अंश निघून जावा म्हणून ते निर्वात भट्टीत दोन दिवस तापवावं लागतं, नाहीतर तो हळूहळू उडून जवळच्या वस्तूवर बसतो. "ताई, आधी भट्टीत घालू का?" असं त्यांनी सरळ विचारलं होतं. ती फोनवर होती. "तापवलेलीच येते ती, लावून टाका," म्हणून तिने पट्टी घेतल्याच्या चिठ्ठीवर सही केली होती. आता तिने कपाटातून पट्टीचं रिकामं पाकीट शोधून काढलं. ती तापवलेली नव्हती. पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं, फक्त तेव्हा तिने ते वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत पट्टीची गोष्ट निघाली, तशा सगळ्यांच्या नजरा मेस्त्रींकडे वळल्या. नोंदवहीत "पट्टी बसवली" या रकान्यात त्यांचं नाव होतं. सरांनी विचारलं, "न तापवता लावली कशी?"

मेस्त्री टेबलाकडे बघत राहिले. त्यांनी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. ताईला कळून चुकलं, की आपण गप्प राहिलो तर हा माणूस खापर डोक्यावर घेऊन गुपचूप घरी जाईल.

"त्यांनी मला विचारलं होतं," ती म्हणाली. "मीच लावा म्हटलं. पाकीट न वाचता."

सरांनी ते लिहून घेतलं.

राखीव तबकडी बसवायचं ठरलं. सहा आठवड्यांचे सात झाले. मोजणी ताईनेच केली, रोज, ठरलेल्या वेळी. पण शेवटच्या कागदावर सही दुसऱ्या विभागातल्या माणसाची झाली. तिला तसं आधीच सांगण्यात आलं होतं आणि तिने का म्हणून विचारलं नाही. नवऱ्याला मात्र तिने जेवताना सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस." एवढंच. तिलाही तेवढंच पुरलं.

एक दिवस मेस्त्री हात धुता धुता म्हणाले, "त्या दिवशी मी पाकीट उघडताना वाचलं होतं, ताई. तुम्ही एवढ्या खात्रीने बोललात, मला वाटलं माझंच काही चुकत असेल."

"पुढच्या वेळी फोन हातातून काढून घ्या माझा."

"घेईन," ते म्हणाले, आणि दोघंही कामाला लागले.

प्रक्षेपणाची पुढची तारीख मिळेपर्यंत वेळ गेला, आणि यंत्र तीन महिने उशिरा वर गेलं. वर्षभराने पहिला अहवाल आला: अतिनील उजेडात तबकडी अर्ध्या टक्क्यानेही मंदावली नव्हती. ताईने अहवाल वाचून मेस्त्रींच्या टेबलावर ठेवला. त्यांना आकड्यांतलं फारसं कळत नसे, तरी त्यांनी चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचला.