अंतरपाटावरचा उजेड

समोरून

फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवायचा. समोर माणूस उभा करायचा. दाबायचं.

माणूस म्हणजे वसुंधरा, अच्युतची बायको. ओल्या हातांनीच ती भिंतीपाशी येऊन उभी राहिली. धुतलेली प्रिंट आली तेव्हा नाक तेलकट, कपाळ पांढरंफटक, आणि मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली. जणू दुसरीच कुणी बाई मागे लपून बसलीय.

"ही मी?" वसुंधरा म्हणाली. "नेऊन पोलीस ठाण्यात लावा. खाली लिहा, दिसल्यास कळवावे."

अच्युतने प्रिंट पालथी घातली.

अच्युत खासनीस मिलमध्ये कापड तपासायचा. खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापड सरकत जायचं आणि हा बघायचा, कुठे धागा तुटलाय, कुठे वीण विरळ आहे. मग मिल बंद झाली. भोंगा वाजत नव्हता तरी मिलजवळच्या परदेशीपुऱ्यातली माणसं त्याच वेळेला उठून दारात येत, जरा वेळ उभी राहत, आत जात.

वसुंधराच्या भावाने पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यात फाटकावरची जागा बघून ठेवली होती. टोपी, शिट्टी, काठी. अच्युतने तेवढ्यात राजवाड्यामागच्या फोटोवाल्या निशांतकडून जुना कॅमेरा आणला. निशांत आता व्हिडिओ काढत होता. सगळं शहर व्हिडिओच्या मागे होतं आणि साधा कॅमेरा कपाटात पडून होता.

"स्वानंदीचं लग्न काढा," वसुंधरा म्हणाली. "फोटो चांगले आले तर हेच करा, मी काही बोलणार नाही. नाही आले तर दादाला हो सांगायचं. आणि नंतर तोंड पाडून बसायचं नाही."

स्वानंदी म्हणजे श्रीरामची मुलगी. श्रीराम मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होता, अच्युतच्या शेजारच्या खात्यात. मित्राची एकुलती एक मुलगी, आणि लग्न काही फोटोसाठी परत लावता येत नाही.

वरून

"अच्युत भिया, सीधा मुंह पे मारोगे तो ऐसाच आएगा।" निशांत म्हणाला.

"मग कसं मारू?"

"मुंडी घुमती है ना इसकी? ऊपर करो। छत पे मारो। छत से जो नीचे आएगी ना, वो रोशनी मुलायम।"

"एवढंच?"

"एवढंच नी। जितना लंबा रस्ता, उतनी रोशनी थकती है। तो अ‍ॅपर्चर खोल देना। और शटर साठ पे। उससे तेज किया तो आधा फोटू काला, फिर मेरे पास रोते हुए मत आना।"

अच्युतने फ्लॅशची मान वर-खाली करून बघितली. कट. कट. कट.

"तोडोगे क्या भिया!"

वरून, घरी

छताला दिवाळीतच चुना दिला होता. वसुंधरा परत उभी राहिली, याही वेळी ओल्या हातांनी. फ्लॅशची मान वर. दाबलं. प्रिंट आली. भिंतीवर सावली नाही, नाक नाकासारखं, गालाला गोलाई.

वसुंधराने प्रिंट खिडकीपाशी नेऊन बघितली. बराच वेळ बघितली. मग देव्हाऱ्याशेजारी टेकवून ठेवली.

नियम सापडला: मान वर.

वरून, मांडवात

सकाळी हळद. मान वर. दाब. स्वानंदीच्या गालाला काकू हळद लावतेय. दाब. मावश्या एकमेकींना फासतायत, वसुंधरा त्यात पुढे. दाब, दाब. रोल संपला, दुसरा घातला.

संध्याकाळी गोरज मुहूर्त. वऱ्हाड येऊन बसलं. नवरा मुलगा सुशांत बोहल्याकडे निघाला. मान वर, दाब.

"अहो." वसुंधरा कानाशी आली. सकाळी ती हळदीत बुडालेली होती, आता मोकळी होती, बघत होती. "फ्लॅश उडाला की सगळे पिवळे का होतात?"

"पिवळे?"

"कावीळ झाल्यासारखे. परत उडवा बरं."

दाब. अच्युतने या वेळी कॅमेऱ्यातून बघितलं नाही. नुसत्या डोळ्यांनी बघितलं. सुशांत, त्याची आई, भटजी, क्षणभर सगळे पिवळेजर्द.

त्याने वर बघितलं.

वर छत नव्हतं. वर कापड होतं. मांडवाचं, गडद पिवळं, कडेला गुलाबी झालर. उजेड त्यावर आपटून तोच रंग घेऊन खाली येत होता. इतकी वर्षं दुसरं काही न बघता कापड बघितलेल्या माणसाने सकाळपासून डोक्यावरचं कापड बघितलं नव्हतं.

"सकाळचा अख्खा रोल," तो म्हणाला.

"सकाळचं राहू द्या. आताचं काय?"

मान परत समोर करावी? मग अक्षता. समोरून मारला की भिंगाजवळून उडणारा प्रत्येक तांदूळ पांढरा गोळा होणार, त्यामागे नवरा-नवरी सापडणारच नाहीत. पांढरं काहीतरी हवं. पांढरी भिंत, चादर, धोतर, काहीही.

बोहल्यावर श्रीरामचे दोन भाऊ अंतरपाट उलगडत होते.

पांढरा. मिलचाच, मिलच्या दुकानातून सेकंडमध्ये, डागी माल म्हणून स्वस्तात घेतलेला, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. एका बाजूला सुशांत, दुसऱ्या बाजूला मामाने आणलेली स्वानंदी. मागे मांडवाचे दिवे होते आणि अंतरपाटातून ते थोडे थोडे दिसत होते. अच्युतला मिलमधली ती दिव्याची काच आठवली नाही. त्याच्या डोळ्यांनी आपोआपच काम सुरू केलं. वीण विरळ. अर्धा उजेड परत येईल. अर्धा पलीकडे जाईल.

"वसु, हा फ्लॅश धर."

"मी?"

"लांब वायर आहे, येते तिथपर्यंत. स्वानंदीच्या मागे जा, करवलीजवळ. तिच्या खांद्यावरून अंतरपाटावर मार. माणसांवर नाही, कापडावर."

"लोक काय म्हणतील?"

"पीथमपूरला शिट्टी वाजवेन त्यापेक्षा बरंच म्हणतील."

वसुंधरा पदर खोचून गेली. मामांनी वळून बघितलं. "वहिनी, मामाची जागा आहे ही!"

"तुम्ही उभे राहा ना, मी कुठे उठवतेय. नुसतं वाकते."

अच्युत अंतरपाटाच्या कडेला उभा राहिला. त्याला कापड एका रेघेसारखं दिसत होतं. डावीकडे स्वानंदी, उजवीकडे सुशांत, मध्ये ती रेघ.

"श्रीराम, तुझ्या भावांना सांग, जरा ताणून धरा. झोळ पडतोय."

"अच्युतराव, हा अंतरपाट आहे," भटजी म्हणाले, "वाळवणाचं कापड नव्हे."

"ताणलेलाच बरा दिसतो, गुरुजी."

"दिसायचं काय त्यात? तो न दिसण्यासाठी असतो." पण भटजींनी स्वतःच कोपरा ओढून दिला.

मंगलाष्टकं सुरू झाली. अ‍ॅपर्चर उघडलं. शटर? साठ. बहुतेक साठ. अंधार पडत होता, आकडा नीट वाचता येईना. शेवटचं अष्टक. मुठी वर गेल्या. भटजींनी श्वास घेतला, सावधा

( )

प्रिंट येईपर्यंत इथे काही नाही.

अर्धी काळी असेल. पिवळी असेल. वसुंधराचा हात हलला असेल.

मधल्या दिवसांत वसुंधराचा भाऊ येऊन गेला. टोपीचं माप विचारलं. "बघू," अच्युत म्हणाला.

आरपार

निशांतने पाकीट काउंटरवर ठेवलं आणि त्यावर हात ठेवला.

"पहले ये बताओ भिया, ये किया कैसे?"

"काय? काळा आलाय का अर्धा?"

निशांतने हात उचलला.

फ्रेम पूर्ण होती. कडेपासून कडेपर्यंत. स्वानंदीच्या चेहऱ्यावर कापडावरून परत आलेला उजेड, डोळे खाली, ओठ किंचित उघडे. पलीकडे सुशांतच्या चेहऱ्यावर कापडातून गेलेला, त्याहून मंद, पहाटेसारखा. त्याच्या शेरवानीवर स्वस्तिकाची पुसट सावली. आणि दोघांच्या वर अक्षता, गोळे नाहीत, एकेक दाणा वेगळा, हवेत थांबलेला.

अच्युत काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला.

"पानी दूं?"

"नको. पोहे खाऊ या. चल."

"और ये जो पीले वाले हैं," निशांत म्हणाला, "जितना पीला काट सका, काटा। बाकी माफ करना।"

हळदीच्या रोलचं अच्युत विसरलाच होता.

घरी, श्रीरामच्या

अल्बम स्वानंदीच्या आईच्या, शोभनाताईंच्या मांडीवर. भोवती अर्धी चाळ. पहिली पानं हळदीची. पिवळ्या मावश्या, पिवळी काकू, पिवळी पाण्याची बादली.

अच्युत घसा खाकरून उभा राहिला. सांगायचं ठरवूनच आला होता.

"वहिनी, त्याचं असं झालं, की मांडवाचं कापड..."

"अगं बाई!" शोभनाताई ओरडल्या. "हळद काय चढलीय माझ्या पोरीला! बघा गं!"

सगळ्या वाकल्या. "खरंच की. आमच्या शैलजाच्या वेळी व्हिडिओत कळतसुद्धा नव्हती, हळद आहे की बेसन." "आमच्या स्मिताचं लग्न आहे माघात. अच्युतराव, असेच पिवळे पाहिजेत हं. हळद दिसली पाहिजे."

"पण ते कापड..."

"अहो," वसुंधरा त्याला चहाचा कप देत म्हणाली, "गरम आहे तोवर घ्या."

त्याने घेतला. शोभनाताईंनी पान उलटलं. पुढच्या पानावर अंतरपाट होता, आणि खोलीतला आवाज एकदम खाली आला.

वसुंधरा त्याच्या शेजारी येऊन बसली.

"दादाला मीच सांगते," ती म्हणाली. "टोपी लहान होते म्हणून."