अडकलेले बटण आणि भुंकणारे कुत्रे

मित्रांनो, अग्निशमन केंद्रातल्या शिकवणीच्या खोलीत एक काचेचे कपाट आहे. त्यात खेळण्यातल्या एका काळवंडलेल्या कुत्र्याशेजारी जो कोपऱ्यात वितळलेला वॉकीटॉकी दिसतो ना, तो मी! माझ्या कुशीतले बोलायचे बटण आत रुतून बसले आहे. नव्या जवानांना प्रश्न पडतो, या भंगाराला जपायचे कशाला? सांगतो.

कारखान्यात असताना मला वाटायचे, आपण एखाद्या साहेबाच्या टेबलावर ऐटीत बसणार. नशिबी आला धूर! पण खरे सांगू? त्या धुराचे उपकार मी कधी विसरणार नाही.

एवढे अफाट शहर, पण आगीची खबर, म्हणजे आमच्या भाषेत ‘वर्दी’, एकाच खोलीत येते. तिला म्हणतात कंट्रोल. कंट्रोल सगळ्यात जवळच्या केंद्राला उठवते आणि बंब निघतो. आगीपाशी पोचलेले साहेब ठरवतात, आपल्याने आटपेल की शेजारच्या केंद्राला बोलवायचे. हे सगळे बोलणे माझ्यासारख्यांच्या तोंडून चालते. मात्र आमच्यात एका वेळी एकानेच बोलायचे असते. एकाने बटण दाबले की बाकीच्यांची तोंडे बंद. म्हणून बटण दाबा, श्वासभर थांबा, कोणाला हाक मारताय ते सांगा, थोडक्यात बोला, शेवटी ‘ओव्हर’, म्हणजे ‘माझे संपले’, असे म्हणा आणि बटण सोडा. बडबड्यांची तिथे डाळ शिजत नाही.

आणि माझ्या वाट्याला आला नेमका बडबड्या! हा जवान ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला उंट म्हणत. कंट्रोलमध्ये एक ताई बसत. त्यांचा चेहरा आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता, ओळखीचा होता तो फक्त आवाज. कामाचा निरोप देऊन झाला की उंटाला राहवत नसे.

“ताई, जेवलात का? ओव्हर.”

“अहो, चॅनल काय तुमच्या घरचं आहे? कामाचं बोला. ओव्हर.”

बोलणी खाऊनही स्वारी खूश असे.

एका दुपारी खेळण्यांच्या गोदामाला आग लागली. तळघरात एक कामगार अडकला होता. उंट आणि त्याचा जोडीदार खाली उतरले. कामगार सापडला, जोडीदाराने त्याला खांद्यावर घेतले आणि उंट मागोमाग निघाला. पण त्या काळ्याकुट्ट धुरात त्याची वाट चुकली. तेवढ्यात खेळण्यांची भलीमोठी मांडणी त्याच्या अंगावर कोसळली. तो पालथा पडला आणि मी त्याच्या छातीखाली दाबला गेलो. माझे बटणही दबले ते दबलेच!

झाले! माझ्यापायी अख्ख्या चॅनलची वाचा बसली. पाणी वाढवा म्हणायला कोणाला तोंड नाही, मदत मागायला नाही. साहेब धावत बंबापाशी गेले आणि तिथल्या संचावर दुसरे चॅनल लावले.

“कंट्रोल, कोणीतरी बटण दाबून बसलंय! सगळं अडकलंय! ओव्हर.”

मी लाजेने अर्धा झालो. दुसऱ्या कोणी वैतागून माझा आवाज बंदच केला असता. ताईंनी तो वाढवला.

“सगळे दोन नंबरवर या. एक नंबर मला ऐकू दे. ओव्हर.”

आणि त्या ऐकत राहिल्या. आधी त्यांना जड श्वास ऐकू आला. मग शिटी. जवानाच्या पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा संपत आली की ती वाजते.

“साहेब, आत कोणीतरी पडलंय. हवा संपत आलीय. आणि जवळच कुत्रं भुंकतंय. ओव्हर.”

“उंट!” कामगाराला घेऊन बाहेर पोचलेला जोडीदार किंचाळला. “माझ्या मागेच होता तो!”

“इथे कुठलं कुत्रं?” साहेब चक्रावले.

शेजारी उभ्या असलेल्या गोदामवाल्याने कपाळावर हात मारला. “अहो, ती सेलवर चालणारी खेळण्यातली कुत्री! धक्का लागला की भुंकतात. मागच्या कोपऱ्यात, जिन्याच्या डाव्या हाताला!”

जवान थेट तिकडे धावले. शिटी क्षीण होत होती. उंटाला बाहेर आणून मुखवटा काढला, तेव्हा तो पहिल्यांदा खोकला. माझे बटण अजून दबलेलेच होते, म्हणून तो खोकला ताईंनाही ऐकू गेला.

पुढे नवे, चकचकीत संच आले आणि माझी रवानगी भंगाराच्या खोक्यात झाली. वाईट वाटले. पण उंटाने मला शोधून काढले. “याला कुठे नेताय? हा माझा पाठचा भाऊ आहे,” तो म्हणाला. आता तो नव्या पोरांना शिकवतो आणि मला हातोहात फिरवतो. भावाचे एवढे प्रेम किती जणांना मिळते?

मित्रांनो, माझे मागणे थोडकेच आहे. गंमत म्हणून वर्दीचा नंबर फिरवू नका, बंबाला वाट द्या. आणि एखाद्याला बोलता येत नसेल, तर त्याच्यावर चिडण्याआधी जरा कान देऊन पाहा.

परवा ताई निवृत्त झाल्या आणि पहिल्यांदाच आमच्या केंद्रात आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांना पाहून आमचा बडबड्या पुढे झाला, पण तोंडातून शब्द फुटेना, नुसते जड श्वास.

“राहू द्या,” ताई डोळे पुसत म्हणाल्या. “हा श्वास ओळखते मी.”

शेवटी त्याला आवाज सापडला.

“ताई, जेवलात का?”

“नाही अजून. चला.”

ओव्हर म्हणायचे दोघेही विसरले.