लिफ्टवाल्या आत्याबद्दल चार शब्द

बाबांनी लिहून दिलेला कागद भाचीने दोनदा वाचला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. ‘शांत, सोशिक, मायाळू.’ मायाळू एक वेळ ठीक, पण शांत आणि सोशिक? अहो, आत्या चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होती, कुणाच्या बापाला भ्यायली नाही. संध्याकाळी शोकसभेला तिच्याबरोबर काम केलेली सगळी माणसं येणार, आणि त्यांच्यासमोर हे वाचायचं म्हणजे भलत्याच बाईला निरोप द्यायचा.

“बाबा, मी हे वाचणार नाही.”

“गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं.”

“हे चांगलं नाही, खोटं आहे. आत्याने पाना फेकून मारला असता.”

थोरली बहीण ग्रीसने माखलेल्या कपड्यांत गावभर हिंडते, याची बाबांना जन्मभर लाज वाटली. आज तरी ते झाकून जावं, एवढीच त्यांची इच्छा.

भाचीला मात्र आत्याचा कोण अभिमान. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की साठी उलटलेली आत्या दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर जायची आणि मागून येणारे गडी धापा टाकायचे. गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीतून ती लिफ्ट हाताने इंच-इंच खाली सोडायची आणि तेवढा वेळ वरून मोठ्याने गप्पा मारत राहायची. अडकलेल्याला एकटं वाटू द्यायचं नाही, हा तिचा नियम.

सभेत भाचीने कागद घडी करून पर्समध्ये टाकला. “आत्या शांत नव्हती,” ती म्हणाली. “सोशिक तर मुळीच नव्हती. ‘बाईमाणसाला वर पाठवू नका’ असं एका साहेबाने म्हटलं, तर हिने मोटारीच्या खोलीला आतून कडी लावली आणि काम संपवूनच उघडली.” लोक खळखळून हसले. तेवढ्यात बाबा उठून पुढे आले. त्यांनी माइक घेतला.

“मी एकदा लिफ्टमध्ये अडकलो होतो,” बाबा म्हणाले. “बरोबर ऑफिसची माणसं होती. वरून ताईचा आवाज आला, आत कोण कोण आहे? सगळ्यांनी नावं सांगितली. मी म्हणालो, एक पाहुणा आहे.”

बाबांनी समोर बसलेल्या ताईच्या सोबत्यांकडे पाहिलं.

“माझा आवाज ताई ओळखणार नाही? पण पाऊण तास ती त्या पाहुण्याशी बोलत होती. आपला धाकटा भाऊ किती हुशार आहे, शाळेत कसा पहिला यायचा, तेच सांगत होती. खाली येऊन दार उघडलं तेव्हा म्हणाली, जपून उतरा, साहेब. पुढे कधी विषयसुद्धा काढला नाही.”

भाचीने बाबांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला आणि ताठ उभे राहिले.

“ती माझी बहीण,” ते म्हणाले. “सख्खी.”