घंटीची दोरी

“नातं काय लिहू?” महिपती कंट्रोलरनं पेन उघडून विचारलं.

“बहीण,” बजाबाई म्हणाली.

“नाव?”

“लालबी हाशम शेख.”

पेन थांबलं. सांगोल्याच्या स्टँडवर दुपारचा एक वाजला होता. पत्र्याखाली माणसं उन्हानं गप्प झाली होती.

“बाई, थट्टा करताय व्हय?”

“थट्टंची येळ हाय का ही? सकाळी धाला गेली ती. पाचच्या नमाजानंतर नेणार हायत. माझी अडीचची गाडी कुणाला तरी द्या. आत्ता जीप धरली तर तोंड बघाया घावंल.”

“कुणाला देऊ? दोन कंडक्टर रजेवर, एक आजारी. आन् अडीचची गाडी सोलापूरलाच जाती की.”

“गावोगाव थांबत. साडेपाचला पोचून काय रिकामं घर बघू?”

महिपतीनं रजेचा अर्ज हळूच परत सरकवला. माणूस वाईट नव्हता. “शेजारीण, मैत्रीण ह्यात बसत न्हाय, बाई. मी तरी काय करू?”

बजाबाईनं अर्जाची घडी घालून खाकी खिशात ठेवली आणि गाडीत जाऊन बसली.

एकवीस वर्षांपूर्वी नवरा गेला. तो एसटीचा ड्रायव्हर, म्हणून त्याच्या जागी तिला घेतलं. लेक संस्कृती तेव्हा तीन वर्षांची. पहिली ड्युटी पहाटे पावणेसहाची. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या खोलीत, झोपलेल्या पोरीकडे बघत ती नुसतीच उभी होती. भिंतीपलीकडे हाशमभाईंचं गाद्या भरायचं दुकान, आणि त्यामागे घर. लालबी न बोलावता आली. केसांत कापसाचे पुंजके तसेच. पोरीला खांद्यावर घेऊन म्हणाली, “जा गे तू. बस काय तुझ्यासाठी थांबती व्हय? मी हाय की थांबायला.”

आणि ती थांबली. शाळा सुटताना फाटकाशी थांबली, गोवर आला तेव्हा उशाशी थांबली. रोज सकाळी पोरीच्या दोन वेण्या घालायची, त्याही इतक्या घट्ट की भुवया वर चढायच्या. बजाबाईला लेकीची वेणी कधी घालताच आली नाही. पालकसभेला बाईंनी विचारलं, “तुम्ही मुलीच्या कोण?” तेव्हा लालबी बुरखा सावरून म्हणाली होती, “मी दिवसपाळीची आई. दुसरी ड्युटीवर हाय.” सगळा वर्ग हसला. लालबीही हसली.

एकदाच बजाबाईनं तिच्यासाठी नातेपुत्याहून साडी आणली. लालबीनं ती दारातूनच परत केली. “मजुरी देती काय मला?” तीन दिवस बोलली नाही. तेव्हापासून बजाबाईनं मनातलं मनातच ठेवलं. रिटायर झाल्यावर एक दिवस निवांत तिच्या ओट्यावर बसायचं आणि सगळं बोलून टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं. त्याला अजून सात वर्षं होती.

अडीचला गाडी निघाली. ड्रायव्हर सिद्धनाथला तिनं सगळं सांगितलं होतं. त्यानं मंगळवेढ्याला चहासुद्धा घेतला नाही. पण प्रत्येक फाट्यावर कुणीतरी हात करायचं. थांबायला एक घंटी, निघायला दोन. घंटीची दोरी ओढून तिचं बोट काळं पडलं.

साडेचारला संस्कृतीचा फोन आला.

“आई, कुठवर आलीस?”

“येतीया. तुझं काय?”

“आंघोळ घालून झाली. केसांचे दोन भाग करून पुढं छातीवर घेतात. शगुफ्ताभाभी म्हणाल्या, ये, एक बाजू तू कर. आई, खालाचे केस किती थोडे राहिले होते गं. आपल्याला कळलंच नाही.”

बजाबाईनं फोन खिशात टाकला. “तिकीट, तिकीट कुणाचं राहिलं?” ती म्हणाली. कुणाचंच राहिलं नव्हतं.

गाडी शहरात शिरली तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. कब्रस्तानाकडे जाणारा रस्ता जिथे आडवा येतो, तिथे लांबूनच पांढऱ्या टोप्या दिसल्या. बजाबाईनं दोरी ओढली. एकदा.

सिद्धनाथनं गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

ती दार उघडून पायरीवर उभी राहिली. जनाज्याच्या पुढच्या खांद्याला लालबीचा मुलगा मोईन होता. शेजारी हाशमभाई, त्यांचा एक हात लाकडाला टेकलेला. बायका मागे जात नाहीत हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती खाली उतरली नाही. खाकी अंगानं, मान खाली घालून उभी राहिली. हाशमभाईंनी तिला पाहिलं. मोईनच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी म्हणाले. जनाजा जरा हळू झाला, बसच्या दारासमोरून अगदी सावकाश गेला. बजाबाईनं हात पुढे केला, तो पोचला नाही.

“ओ बाई, डबल मारा की,” मागून कुणीतरी म्हणालं. “किती येळ थांबायचं?”

“गप बसा,” सिद्धनाथ म्हणाला.

माणसं वळणावर गेली. शेवटची पांढरी टोपीही दिसेनाशी झाली. रस्ता मोकळा झाला, तरी दोरी तिच्या हातातच होती. आज लालबी थांबली नव्हती. थांबायची पाळी बजाबाईची होती.

मग तिनं दोरी ओढली. एकदा. आणि बऱ्याच वेळानं, दुसऱ्यांदा.