आगळाच्या बाटलीमागे चाळीस दिवस

मी एक जुनी, अर्धवट राहिलेली औषधाची बाटली आहे, आणि मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही.

अडीच वर्षांच्या चैतन्यला आव झाली होती, शीतून रक्त पडत होतं. चेंबूरच्या एका दवाखान्यातून मी त्याच्या घरी आले. मी तेव्हा कोरडी पूड होते. त्याच्या आईने, शीतलने, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत ओतून मला हलवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ. बरं वाटलं तरी थांबायचं नाही."

मी जंतूंवर तुटून पडले. तिसऱ्या सकाळी रक्त थांबलं, चैतन्य भात मागू लागला. उरलेल्या जंतूंचा निकाल मी लावणारच होते. तेवढ्यात त्याच्या आजीने, विमलाने, माझं झाकण घट्ट लावलं.

"पोराक आता बरा वाटता. उरलेला ठेव, परत लागात."

"आई, डॉक्टर पाच दिवस म्हणालेत ना?"

पण सासूपुढे शीतलचं काही चाललं नाही. मला फ्रिजच्या दारात, कोकमाच्या आगळामागे कोंबलं. पाणी घातल्यावर सात दिवसांत वापरा, असं माझ्या लेबलवर छापलं होतं. ते कोणी वाचलं नाही. माझा जोर ओसरत गेला आणि राग वाढत गेला. एक दिवस मला शोधत याल, तेव्हा दाखवते, असं मी ठरवलं.

चाळीस दिवसांनी पुन्हा आव, पुन्हा रक्त. विमला खुशीत म्हणाली, "बघलंस? ठेवलंय म्हणान गावला!"

चमच्यात पडताना मी मनातल्या मनात हसले. भोगा आता! दोन दिवस त्यांनी मला पाजलं आणि दोन दिवस मी काहीच केलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी चैतन्यचे डोळे खोल गेले. रडताना डोळ्यांतून पाणी येईना. मला सूड विमलावर हवा होता, आणि भोगत होता तो. माझं हसू तिथेच थांबलं, पण आता लढायचं म्हटलं तरी माझ्यात जोर उरला नव्हता.

दवाखान्यात त्याला सलाईन लावलं. शीतलने मलाही सोबत नेलं होतं; डॉक्टरांनी माझं लेबल वाचलं. "हे कुणी पाजलं?"

"मीच," विमला खाली मान घालून म्हणाली.

"आजी, अजून एक दिवस गेला असता तर पोर हाती लागलं नसतं."

विमला ढसाढसा रडली. खरं सांगते, मला बरं वाटलं.

चैतन्य वाचला. घरी नवी बाटली आली. विमला मला फेकायला निघाली, तर शीतलने हात धरला. "नवी संपेपर्यंत राहू दे, आई. समोर दिसू दे."

तिसऱ्या दिवशी चैतन्य खेळायला लागला. विमलाने नव्या बाटलीचं झाकण हातात घेतलं, समोर फळीवर ठेवलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि त्याला मांडीवर ओढलं.

"अजून दोन दिस आसत. तोंड उघड."

पाचव्या संध्याकाळी शेवटचा डोस त्याच्या पोटात गेला. उरलेले जंतू मेले. माझा खरा सूड त्यांच्यावर होता, तो नव्या बाटलीने घेतला.

मित्रांनो, विमलाला मी अजून माफ केलेलं नाही. आज घरी गेलात की फ्रिजचं दार उघडा आणि मागे हात घालून बघा. तिथे माझी एखादी बहीण बसली असेल, तर ती तुमच्यावर रागावलेली आहे.